बांधी सरल्याबिगर

मी अड्याळ सोडलं ते भर रोवणीत, धानाच्या लावणीत. धानाच्या मुलखातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. मांडवातून नवरीनं उठून सिनेमाला निघून जावं, तसं ते होतं. जुलैचा शेवट, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, पोटरीभर चिखल, पऱ्हे म्हणजे रोपं उपटून जुड्या बांधून ठेवलेले, आणि गावात शोधूनही एक जास्तीची बाई मिळत नाही असे दिवस. आणि मी, घरातली धडधाकट पोरगी, बॅग भरून बसस्टँडवर उभी.

मला लगेच नावं ठेवू नका. डी.एड. होऊन सात वर्षं झाली होती. भरती निघणार, निघणार म्हणता म्हणता माझ्याबरोबरच्या पोरींची पोरं शाळेत जाऊ लागली होती. पुण्याला असलेल्या एका मैत्रिणीचा शुक्रवारी फोन आला की तिच्या शाळेतली एक बाई मध्येच सोडून गेली, सोमवारपर्यंत येत असशील तर ये, नाहीतर दुसरी तयारच आहे. सोमवार काही माझ्या रोवणीसाठी थांबणार नव्हता.

बाबा सोडायला आले होते. त्यांनी बॅग खाली ठेवलीच नाही, बस येईपर्यंत हातातच धरून राहिले. बस आली तेव्हा म्हणाले, "परत याले तिकीट लागते पोरी, लाज नाई लागत." माय आली नव्हती. ती सकाळी साडेसहालाच बांधीवर गेली होती. जाण्याआधी माझ्या बॅगेत लाखोळीच्या डाळीची पिशवी कोंबली आणि म्हणाली, "पोचली का फोन करजो." बस्स, एवढंच.

पण आमची बांधी भंडाऱ्याच्या रस्त्याला लागूनच. मी मुद्दाम त्या बाजूच्या खिडकीशी बसले. बस गावाबाहेर पडली आणि ओळ दिसली. अकरा बाया कमरेत वाकून, पऱ्हे लावत लावत, मागे मागे सरत होत्या. मायचं हिरवं लुगडं मी शंभरात ओळखलं असतं. मी हात बाहेर काढला, "माय" म्हणून हाक मारली, दोनदा मारली. तीन-चार बायांच्या माना हलल्या. मायची हलली नाही. तिनं डोकं वर केलंच नाही. बस पुढे गेली.

मी रडले नाही, चिडले. कारध्याचा पूल येईपर्यंत नुसती दातओठ खात बसले. एवढं काय ते धान? पोरगी गाव सोडून चालली आणि हिला मान वर करायला होत नाही? तो राग मी पुण्याला घेऊन आले, लाखोळीच्या डाळीसोबत. डाळ महिन्याभरात संपली. राग तेरा वर्षं पुरला.

हे लिहितेय ते दोन्हीकडच्यांसाठी. जे तिकडे राहिलात, सकाळी टपरीवर चहा पिता पिता "ते पुण्याची झाली बाप्पा आता" म्हणता, त्यांच्यासाठी. आणि जे माझ्यासारखे निघून आलात, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी "काहून बे" म्हटलं की गर्रकन मागे वळून बघता, त्यांच्यासाठी. माझी लिहायची भाषा पुण्याची झाली आहे हे कबूल. चिडल्यावर तोंडातून निघते ती अजून अड्याळचीच.

शाळेत मला तिसरीचा वर्ग मिळाला. सेहेचाळीस मुलं, तेवीस बाकं, एक कुरकुरणारा पंखा. वेळापत्रकात आठवड्यातून दोनदा एक तास होता, त्याचं नाव 'नृत्य आणि हालचाल'. तो तास कुणालाच नको होता, कारण हॉल नाही, मैदानावर पार्किंग झालेलं, जे काय हलायचं ते वर्गातच. म्हणून तो नव्या बाईंच्या गळ्यात पडला. मी मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, स्पष्ट सांगितलं की मला नाच येत नाही. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही गावाकडच्या ना? तुमच्याकडे तर नाच रक्तातच असतो."

रक्तात! आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते, त्यात दंडार असते. गडी माणसं नाचतात, बाईचं सोंगही गडीच काढतो. मी लहानपणी बैलगाडीवर बसून पाहिली आणि घरी येऊन अंगणात पाय आपटून बघितले, तर बाबा म्हणाले, "नाचून पोट भरते का?" संपला माझा नाच. आता त्याच नाचावर माझं पोट भरायची वेळ आली, हे बाबांना फोनवर सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पहिल्या तासाला मी बाकं भिंतीला लावून घेतली, मुलांना ओळीत उभं केलं आणि मोठ्या आत्मविश्वासानं म्हटलं, "चला, पाय रोवा." सगळी मुलं खांबासारखी ताठ उभी राहिली. मी वाट बघतेय, कुणी हलेना. मी म्हटलं, "अरे रोवा ना!" ती अजून ताठ झाली, एका मुलीनं तर श्वासही रोखला. मग माझ्या ध्यानात आलं. इथल्या पुस्तकात पाय रोवून उभं राहणं म्हणजे जागचं न हलणं. आमच्याकडे रोवायचं म्हणजे वाकायचं, लावायचं आणि लगेच मागे सरायचं. जो रोवताना एका जागी उभा राहिला, तो पायाखालचे पऱ्हे तुडवणार. एकच शब्द, आणि मी सांगतेय हला तर मुलं ऐकतायत हलू नका.

त्या गोंधळात मी पुढे बोलले, "असे उभे काहून राहून राहिले?" झालं. वर्ग फुटला. "काहून, काहून" करत बाकांवर लोळली कार्टी. सुट्टीनंतर मी "थांबा, मी येतो" म्हटलं, कारण आमच्याकडे बाईसुद्धा 'येतो'च म्हणते, तर पुढच्या ओळीतली एक विचारते, "टीचर, तुम्ही मुलगा आहात का?" वर्षभर माझं नाव काहून टीचर होतं. मी जीभ चावून चावून बोलायला शिकले. येते, जाते, का बरं, कशासाठी. घरी फोन करायचा असला की गॅलरीत जाऊन दार लावून घ्यायची. आता माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा केलं खरं.

तास मात्र सोडला नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझ्याकडे तर अंगणच नव्हतं, तेव्हा तेही कारण सांगायची सोय नव्हती. आधी मी बाकीच्या बायांसारखंच केलं. मोबाईलवर गाणी बघायची, चार स्टेप घरी आरशासमोर घोटायच्या आणि शिकवायच्या. मुलं माझ्यापेक्षा चांगली करायची. पण बघता बघता मला काही गोष्टी खटकायला लागल्या. या मुलांना उकिडवं बसता येत नव्हतं, टाचा वर उचलल्या जायच्या आणि ती मागे पडायची. मागे चालता येत नव्हतं, दोन पावलं झाली की घाबरून वळून बघायची. आणि शेजारच्याकडे कुणाचं लक्षच नसायचं. प्रत्येक जण समोर मोबाईल असल्यासारखा एकटाच नाचायचा.

एकदा पावसाळ्यात, वर्गात ओल आलेली, मुलं ऐकत नव्हती, आणि माझं डोकं फिरलं. मी फुटक्या खडूंचा डबा घेतला, प्रत्येकाच्या हातात मूठभर तुकडे दिले आणि म्हटलं, "वाका. एक तुकडा खाली ठेवा. चार बोटं सोडून दुसरा. ओळ पुरी झाली की एक पाऊल मागे. वळून बघायचं नाही." सेहेचाळीस मुलं, आणि नुसता खडूंचा टकटक आवाज. तास संपल्याची घंटा झाली तर "अजून थोडं" म्हणाली. फरशीवर पांढरे ठिपके, वाकडेतिकडे, पण ओळीत. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मला काहीतरी शिकवता येतं.

मग ते वाढत गेलं. लग्न इथंच झालं, नवरा साताऱ्याकडचा, तो माझ्या 'काहून'ला अजून हसतो. दोन शाळा-इमारती बदलल्या, मी कायम झाले, आणि खडूंचा खेळ दर वर्षीच्या तिसरीचा ठरूनच गेला. त्याला मी नाव दिलं रोवणा, आमच्याकडे रोवणीच्या कामाला म्हणतात तेच. मायला मात्र कधी सांगितलं नाही. गावी जायची ती दिवाळीत आणि उन्हाळ्यात, चिखल वाळल्यावर.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या बाईंनी रोवणा वर्गात येऊन पाहिला आणि त्यांना फारच आवडला. म्हणाल्या, "संमेलनात घेऊ या. पण जरा रंगतदार करा." मीही हुरळले. खोटं कशाला बोलू? सेहेचाळीसमधल्या दहा चटपटीत मुली निवडल्या. त्यात गार्गी होती, भरतनाट्यमच्या क्लासला जाणारी, वीजच नुसती. बाकीच्यांना म्हटलं तुम्ही टाळ्या वाजवा. हिरव्या क्रेप कागदाचे पऱ्हे केले, नऊवारीचे तयार कपडे भाड्यानं आणले, स्पीकरवर शेताचं एक ठेक्यातलं गाणं लावलं. मोठ्या बाई विंगेतून सारख्या खुणा करत होत्या, हसा, हसा. पोरी हसत होत्या. सभागृहानं टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मी व्हिडिओ वहिनीच्या फोनवर पाठवला आणि खाली लिहिलं, मायला दाखव, रोवणा आहे म्हणून सांग.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायचा फोन आला. आधी म्हणाली, चांगलं आहे, पोरी गोजिऱ्या आहेत, लुगडे कोनाचे? मग म्हणाली, "ममता, एक सांगू का? त्यायच्या कमरा काहून नाई दुखत?"

मी म्हटलं, माय, तो नाच आहे.

"थे मले समजते. पन तू तं रोवलं आहे न आंगानं. तुले मालूम आहे. मंग हासाले काहून लावलं?"

मी चिडले. चिडून बरंच बोलले. नाच म्हणजे काय, संमेलन म्हणजे काय, लोकांनी किती टाळ्या वाजवल्या, इथे कुणाला धान माहीत नाही ते मी दाखवलं, आणि तुला त्याचं काही नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू म्हणाली, "नाच अशीन तं नाच म्हन. रोवना नोको म्हनू. चाळीस साल गेले माहे त्याच्यात."

आणि फोन ठेवला. माय कधी आपणहून फोन ठेवत नाही, तिला ते बटण सापडत नाही. त्या दिवशी सापडलं.

मला वाटलं होतं मी तिचं काम पुण्याच्या स्टेजवर नेलं. आणि तिला वाटलं मी तिच्या कमरेची गंमत केली. खूप दिवस मी मनातल्या मनात भांडत राहिले. पण खरं होतं ते तीच बोलली होती. मी त्या दहा पोरींना जे करायला लावलं, ते रोवणा नव्हतं. आणि नाव मागे घ्यायचं, 'शेतकरी नृत्य' म्हणून मोकळं व्हायचं, हेही मला मान्य नव्हतं. मी ठरवलं की नाव ठेवायचं असेल तर ते तिच्या तोंडून मिळवायचं. आमच्या घरात हट्ट कुणाकडून आला ते सांगायला नको.

पुढच्या जुलैत मी आठ दिवसांची रजा टाकली. मोठ्या बाई म्हणाल्या, "गणपतीत घ्या ना, सगळे घेतात." मी म्हटलं, "रोवणी गणपतीपर्यंत थांबत नाही." त्यांना ते कळलं नाही, पण माझं तोंड बघून सही केली.

तेरा वर्षांनी मी रोवणीच्या दिवसांत अड्याळला उतरले. बाबा थकले आहेत, पण स्टँडवर आलेच, आणि बॅग हातातून घेतलीच. भाऊ म्हणाला, "तू कायले चिखलात उतरतेस वो, धुऱ्यावर बस." धुरा म्हणजे बांधाची वाट, तिथे आता माय बसते. तिची कंबर गेली आहे. उभी राहिली तरी अर्धी वाकलेलीच असते, जणू खाली काही पडलंय ते बघतेय. ती धुऱ्यावरून जुड्या फेकते आणि नजर ओळीवर ठेवते. मला साडी खोचून चिखलात उतरताना पाहिलं तर एक जुडी माझ्या अंगावर फेकली, इतकंच.

प्रत्येक बाईला ओळीत आपला पट्टा असतो, त्याला पात म्हणतात. माझ्या डावीकडे चंद्रकला काकू होत्या, शेजारच्या घरच्या, मायच्या जोडीनं पस्तीस वर्षं रोवलेल्या. पहिली दहा मिनिटं मी झोकात लावलं. अर्ध्या तासात मांड्या थरथरायला लागल्या. पाऊण तासानं कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी उभी राहिले, सरळ, दोन्ही हात पाठीवर ठेवून. धुऱ्यावरून आवाज आला, "बांधी सरली का वो?"

नव्हती सरली. अर्धीसुद्धा नव्हती. आणि तेव्हा मला आठवलं, जे मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि पुण्यात खडूचे डबे रिकामे करताना मी विसरून गेले होते. बांधी सरल्याबिगर उठाचं नाही. एक उठली की दुसरीला वाटतं आपणही उठावं, ओळ मोडते, आणि एकदा सरळ झालेली कंबर पुन्हा वाकायला दुप्पट दुखते. म्हणून कोणी उठत नाही. सगळ्या एकदमच उठतात, शेवटचा पऱ्हा लागल्यावर.

मी वाकले. आणि खाली बघते तर माझ्या पातीत मी न लावलेले पऱ्हे. डावीकडून काकूंचा हात येत होता, उजवीकडून दुसऱ्या बाईचा. दोघी आपापलं लावता लावता एकेक पऱ्हा माझ्या बाजूला टाकत होत्या, न बोलता, न बघता. हेही मी विसरले होते. जिचा हात हळू, तिची पात दोन्ही शेजारणींनी ओढून न्यायची. म्हणून तर ओळ सरळ राहते. आणि मी काय केलं होतं? हळू हातांच्या छत्तीस पोरांना टाळ्या वाजवायला बसवलं होतं.

काकू वाकल्या वाकल्याच बोलायला लागल्या. "तू पुन्याले गेली थो दिवस आठवते का तुले? हेच बांधी. तुही पात रिकामी होती. मी म्हनलं, चार बाया सरकून घेतो. तं तुही माय म्हने, नाई, ममताची पात माही आहे, कोनी हात लावाचा नाई. दोन पाता एकटीनं लावल्या बाप्पा तिनं दिवसभर. तू हाका मारून राहिली, आमाले आयकू आलं. तिले नसन आलं का?"

मी पुढचा पऱ्हा लावला. चिखलात आणखी दोन-चार थेंब पडले तर कुणाला कळतं? ती बांधी सरली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. शेवटचा पऱ्हा लागला आणि अकराही बाया एकदम सरळ झाल्या. "उईमाय" म्हणत, हात कमरेवर, तोंडं वर. कुणी हसत नव्हतं, पण सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले होते. मोठ्या बाईंना जो आनंद पाहिजे होता, तो इथे होता. फक्त तो सगळ्यात शेवटी येतो, आणि आधी कंबर मोडल्याशिवाय येत नाही.

पुण्याला परत आले ती हेच घेऊन. स्पीकर बंद. भाड्याचे कपडे नाहीत. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस मुलं ओळीत. वर्गभर खडूच्या ओळी होईपर्यंत कुणी उठायचं नाही. पहिल्या दिवशी तीन मिनिटांत रडारड. "टीचर, दुखतंय." मी म्हटलं, "दुखू दे जरासं. मलाही दुखतंय." मीही वाकलेलीच होते, चाळिशीची बाई, मांड्या अजून अड्याळच्या ठणकत होत्या. नव्या तिसरीत गार्गीची धाकटी बहीण होती, ईरा, तीही ताईसारखीच वीज. तिची ओळ कायम चार पावलं पुढे जायची आणि मग ती कंटाळून बघत उभी राहायची. मी तिला म्हटलं, "तुझं झालं ना? मग तुझे खडू शेजारच्या पातीत ठेव." ती म्हणाली, "मग तिचं पण मीच करू? मार्क कुणाला?" मी म्हटलं, "ओळीला."

दोन आठवडे तिनं तोंड फुगवलं. एका पालकांनी डायरीत लिहून पाठवलं की मुलीच्या कमरेत लचक भरेल, हा प्रकार बंद करावा. मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. मी त्यांना म्हटलं, एकदा वर्गात येऊन करून बघा, आणि मग बंद करा. बाई आल्या, चांगली पाच मिनिटं वाकल्या, उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. तास बंद झाला नाही. संमेलनात मात्र घेणार नाही म्हणाल्या, गाणं नाही तर लोक उठून जातील. मी म्हटलं, राहू द्या. मला ज्या एका माणसाला दाखवायचं आहे, ते संमेलनाला येत नाही.

फेब्रुवारीत एका शनिवारी वर्गातच केलं. समोर चौथीची मुलं बसली होती. नुसती टकटक, पावलांची सरसर, मधूनच एखादा सुस्कारा. एक मुलगी मागे पडली तर तिच्या दोन्ही बाजूंनी हात आले, त्यातला एक ईराचा होता, आणि तिनं मान वर करून बघितलंही नाही. शेवटचा खडू लागला आणि सगळी एकदम सरळ झाली. हात कमरेवर. कुणालाच हसायला सांगितलं नव्हतं. मी मोबाईल खिडकीत उभा करून ठेवला होता. संध्याकाळी व्हिडिओ पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही.

माय चार दिवस बोलली नाही. वहिनी म्हणे, रोज बघते, पुन्हा लाव म्हणते. पाचव्या दिवशी फोन आला. ना कशी आहेस, ना काय. "थे खिडकीपासून तिसरी पोरगी आहे न, लाल रिबिनवाली, थे उजवीकडं सरते. तिची पात तिरपी होऊन राहिली. सांगजो तिले. असा रोवना नसते करत."

मी गॅलरीत होते, पण दार उघडं होतं. म्हटलं, "सांगतो माय."

मग धीर करून तेरा वर्षांचं विचारलं. त्या दिवशी मी बसमधून हाका मारल्या, तुला ऐकू आल्या होत्या का?

"आल्या न."

मग वर काहून नाही पाहिलं?

"बांधी सरली नोती. सरल्यावर उभी राहिली मी. रस्त्याकडं पाहत राहिली किती वेळ. तू तं कारध्याचा पूल वलांडून गेली अशीन तवा."

घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी पत्ता सांगायची, आणि मग पुण्याचा सांगायचा की अड्याळचा यावर अडखळायची. आता अडखळत नाही. मी निघून गेल्यावर जिथे माझी पात कुणी दुसऱ्याला धरू दिली नाही, ते माझं घर. दर जुलैत मी आठ दिवस जाते, माझी पात लावते, शेजारणी ओढून नेतात. आणि उरलेलं वर्ष या वर्गात, बाकं भिंतीला लावून, मी दुसऱ्यांच्या पोरांच्या पाती सांभाळते. दोन्हीकडे कंबर सारखीच दुखते.

त्या फोननंतरच्या तासाला मी रोवण्यात एकच गोष्ट वाढवली. मुलांना सांगितलं, बांधी सरली की उठायचं, हात कमरेवर ठेवायचे, आणि मग खिडकीबाहेर रस्त्याकडे बघायचं. लगेच हलायचं नाही. लाल रिबिनवालीनं हात वर केला.

"काहून, टीचर?" हल्ली मुलंही काहूनच म्हणतात, आणि कुणी हसत नाही. "रस्त्यावर कोण असतं?"

मी म्हटलं, "मी असतो."